ट्रॉलीचा रॅम्प आणि त्याचा जॅक : घरच्या घरी कसा करावा?



गळीत हंगाम संपला की ट्रॉल्या वस्तीवर येऊन उभ्या राहतात. पण त्यांचे काम संपत नाही. पॉवर टिलर एका रानातून दुसऱ्या रानात न्यायचा असतो, डिझेल इंजिन दुरुस्तीला पाठवायचे असते, मोटर-पंप विहिरीवर पोचवायचा असतो. अशा वेळी आपण काय करतो? फाळका खाली पाडतो, दोन फळ्या लावतो, चार गडी हाकारतो आणि "हं, लावा जोर" म्हणून ओझे वर चढवतो. बहुतेक वेळा ते चढतेही. ज्या दिवशी फळी सटकते किंवा ट्रॉली उलाळते, त्या दिवशी मात्र कुणाचा तरी पाय जातो, क्वचित माणूसही जातो.

म्हणून या पाठात ट्रॉलीला लावायचा साधा रॅम्प आणि ट्रॉलीच्या शेपटाखाली लावायचा जॅक, म्हणजे स्क्रूने खाली-वर होणारा लोखंडी पाय, हे दोन्ही गावच्या वेल्डरकडून कसे करून घ्यावेत, त्याचा विचार आम्ही करणार आहोत. सगळ्या पाठाचे सार आधीच सांगून ठेवतो : उचलायचे काम जॅकचे, धरून ठेवायचे काम टेकूचे. ही दोन कामे एकावर सोपवली की घात होतो.

पेण आणि रोहा : दोन ठिकाणचे दोन धडे

आपला मुलूख उसाचा. घाटाखाली रायगड जिल्ह्यात पेण आणि रोहा हे तालुके भाताचे. उसाच्या शेतकऱ्याने तिकडून काय शिकायचे, असे कुणी म्हणेल. पण ओझे चढवण्याच्या बाबतीत दोन अगदी वेगळ्या तऱ्हा या शेजारशेजारच्या तालुक्यांत आहेत : पेणला नाजूक ओझे, तर रोह्याकडे अवजड ओझे.

पेण हे गणपतीच्या मूर्तींचे गाव. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागांत शाडूच्या आणि प्लास्टरच्या मूर्ती घरोघरी होतात आणि गणेशोत्सवाच्या आधी टेम्पो-ट्रक भरभरून मुंबई-पुण्याकडे व त्याहून लांब जातात. शाडूची मूर्ती म्हणजे वाळलेली माती. वजनापेक्षा तिला धक्क्याचे भय जास्त. एक हिसका बसला की कान, सोंड किंवा हाताचा पंजा गेलाच. म्हणून तिथे पहिली काळजी असते ती सांध्याची. जमीन संपून फळी सुरू होते आणि फळी संपून गाडीचा तळ सुरू होतो, त्या दोन ठिकाणी उंचवटा राहता कामा नये. आपला पॉवर टिलर मूर्तीसारखा फुटणार नाही हे खरे. पण रॅम्पच्या टोकाशी दोन इंचांचा उंचवटा असला, की तिथे चाक अडते, गडी जोराचा हिसका देतात आणि त्याच हिसक्याने रॅम्प मागे सटकतो. तेव्हा पहिला धडा असा : सांधा सपाट हवा.

आता रोह्याकडे वळू. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि मंगळूरजवळ ठोकूरला संपते. संपूर्ण मार्ग १९९८ च्या जानेवारीत खुला झाला. त्यानंतर एका वर्षाने, जानेवारी १९९९ मध्ये, रोहा तालुक्यातील कोलाड स्टेशनापासून गोव्यातल्या वेर्णा स्टेशनापर्यंत 'रो-रो' सेवा सुरू झाली. भरलेला ट्रक रस्त्याने घाटवळणे पार करत न जाता सपाट वाघिणीवर चढतो आणि गाडीबरोबर जातो. ड्रायव्हर-क्लीनर आपल्या केबिनमध्येच बसून असतात. पुढे ही सेवा कर्नाटकातील सुरतकलपर्यंत नेण्यात आली. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या आधी खाजगी मोटारींसाठीही कोलाड ते वेर्णा अशी सोय करण्यात आली.

भरलेला ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवायला तिथे काही क्रेन लागत नाही. गाडीच्या टोकाशी बांधलेला उतार असतो, ट्रक आपल्याच इंजिनाच्या जोरावर त्यावरून चढतो आणि एका वाघिणीवरून दुसरीवर जात आपल्या जागी उभा राहतो. यात चार गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत :

१) उताराचे वरचे टोक वाघिणीच्या तळाशी बरोबर जुळवलेले असते.
२) दोन वाघिणींमधल्या फटीवर लोखंडी पूल टाकलेला असतो, म्हणजे चाक अडकत नाही.
३) ट्रक जागेवर आला की चाकांना पाचरी बसतात आणि साखळ्यांनी तो आवळला जातो. नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवत नाहीत.
४) ट्रक चढवण्याआधी त्याची उंची मोजली जाते. आधी मोजमाप, मग काम.

एवढी मोठी रेल्वे, पण तिची रीत आपल्या ट्रॉलीला जशीच्या तशी लागू पडते. फरक एकच. रेल्वेची वाघीण जड, रुळावर बसलेली. आपली ट्रॉली हलकी, मऊ रानात उभी. म्हणून आपल्याला एक पाचवी गोष्ट लागते, ती म्हणजे शेपटाखालचा पाय.

जाता जाता आणखी एक माहिती. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. आपल्याकडे पुण्याजवळ हडपसरला ग्लायडिंगचे केंद्र आहे. परदेशात हौशी मंडळी ग्लायडरचे पंख सोडवून ते लांबलचक बंद ट्रेलरमध्ये घालून मोटारीमागे ओढत नेतात. ग्लायडरचे धड आत सरकवताना आतला रॅम्प खालून एका लहान जॅकने हवा तेवढा उचलतात, म्हणजे धड कुठे घासत नाही. असा जॅक पुष्कळजण घरीच बनवतात. तेव्हा आपण करतोय ते काही अजब नाही. जगभर लोक हेच करतात.

उलाळ का येते?

बैलगाडी हाकलेल्या जुन्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. ओझे आसाच्या मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर जाते आणि बैलांचा गळा आवळतो. बैल सोडले की आपण पुढे टेकू लावतो. काही गावांत त्याला गाडीचा शिपाई म्हणतात. दोन चाकी ट्रॉलीचे अगदी तसेच आहे. फरक एवढाच की शिपाई पुढे लागतो, आणि ओझे चढवताना आपल्याला तो मागे लावायचा आहे.

आता थोडा हिशेब करू. समजा, दोन चाकी ट्रॉलीचा आस ट्रॅक्टरच्या हुकापासून ८ फूट आहे आणि आसापासून मागचे टोक ४ फूट आहे. पॉवर टिलर सुमारे ४०० किलोचा धरू. तो रॅम्पच्या मध्यावर असतो तेव्हा त्याचे निम्मे वजन ट्रॉलीच्या शेपटावर आणि निम्मे जमिनीवर असते. तो जसजसा वर चढतो तसतसे शेपटावरचे वजन वाढत जाते. अगदी टोकाला आला की सगळे ४०० किलो शेपटावर. हे ४०० किलो ४ फुटांवरून खाली दाबतात, म्हणजे ८ फुटांवरच्या हुकाला ते २०० किलोंनी वर उचलतात. (४०० × ४ = १६००, भागिले ८ = २००.)

ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर ट्रॅक्टरची मागची चाके तेवढी हलकी होतात आणि ब्रेकची पकड कमी होते. जोडलेली नसेल तर रिकाम्या ट्रॉलीची दांडी एकदम हवेत जाते, शेपूट जमिनीला टेकते आणि रॅम्पवरचे यंत्र मागच्या माणसाच्या अंगावर येते. हे सगळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

चार चाकी ट्रॉली अशी पटकन उलाळत नाही, कारण तिचा मागचा आस शेपटाच्या जवळ असतो. पण स्प्रिंगा दबतात, तळ खाली जातो आणि रॅम्पचा सांधा बिघडतो. म्हणून पाय तिलाही हवाच.

रॅम्प किती लांब असावा?

उतार जितका लांब, तितका जोर कमी. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून ३ फूट उंच आणि ओझे ४०० किलो धरून हिशेब असा येतो :

६ फुटी रॅम्प : २०० किलोंचा जोर
९ फुटी रॅम्प : १३३ किलोंचा जोर
१२ फुटी रॅम्प : १०० किलोंचा जोर

चाकांची ओढ आणि घर्षण यांसाठी यात आणखी चौथाई मिळवावी, म्हणजे १२ फुटी रॅम्पला सुमारे १२५ किलो. उंचीला लांबीने भागून ओझ्याने गुणले की झाले. यासाठी कॉलेजात जावे लागत नाही. आमचे सांगणे असे की, उंचीच्या चौपट लांबी हे माप धरावे. तिपटीपेक्षा कमी कधीही करू नये.

आता १२ फुटी रॅम्प म्हणजे वजन आलेच. ते नको असेल तर उंचीच कमी करा. ट्रॉलीची मागची चाके नऊ इंच खोल चरात उतरवली तर तेवढी उंची वाचते. किंवा रॅम्पचे खालचे टोक एक फूट उंच, घट्ट धुमसलेल्या बांधावर ठेवा. मग उंची उरली दोन फूट आणि ८ फुटी रॅम्पने भागते. वस्तीवर जागा असेल तर कोलाडसारखा कायमचा धक्काच बांधून टाका. ट्रॉलीच्या तळाएवढी उंच माती व मुरूम, ट्रॉलीकडच्या बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला सावकाश उतार. त्यावर पाणी मारून, धुमसून घ्यावे. असा धक्का एकदा झाला की वस्तीवर लोखंडी रॅम्पची गरजच नाही. रॅम्प मग फक्त रानातल्या कामापुरता.

रॅम्पची बांधणी

५०० किलोंपर्यंतच्या ओझ्यासाठी पुढील सामान लागते. यापेक्षा जड यंत्र किंवा ट्रॅक्टर या रॅम्पवरून मुळीच चढवू नये. त्याला वेगळा हिशेब आणि जाणकार माणूस लागतो.

१) ७५ मिलिमीटरचे दोन चॅनेल, प्रत्येकी १२ फूट. हे दोन्ही बाजूंचे कणे.
२) कण्यांमध्ये शिडीसारखे आडवे अँगल, ३५ मिलिमीटरचे, दर फुटाला एक.
३) वर दीड इंच जाडीच्या टणक लाकडाच्या फळ्या, बोल्टने आवळलेल्या. खिळे नकोत, ते वर येतात. फळ्यांवर दर फुटाला एक आडवी पट्टी, म्हणजे चाक व पाय घसरत नाही.
४) वरच्या टोकाला ट्रॉलीच्या तळावर किमान चार इंच बसेल अशी लोखंडी जीभ, तिची कड घासून उतरती केलेली. आणि दोन्ही बाजूंना साखळीसह आकडे.

रुंदी यंत्राची चाके मोजून ठरवावी. दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन इंच जागा सुटली पाहिजे, आणि कडेला बोटभर उंच पट्टी असावी, म्हणजे चाक बाहेर जात नाही.

वेल्डरला एक गोष्ट निक्षून सांगा. चॅनेल उभा बसवायचा, पन्हाळीसारखा उताणा नाही. पुष्कळजण चॅनेल उताणा टाकून त्यातूनच चाक नेतात, कारण चाकाला आपोआप वाट मिळते. पण तोच ७५ मिलिमीटरचा चॅनेल उभा असताना जेवढे वाकवणारे ओझे पेलतो, त्याच्या साधारण चौथाईच उताणा पेलतो. घरच्या छपराचा वासा आपण उभा ठेवतो की आडवा? कारण तेच.

असा रॅम्प तयार झाल्यावर चांगलाच जड भरतो. त्याला चौघे गडी लागतात. दोघांनी शहाणपणा करू नये, कंबर एकदा गेली की परत येत नाही.

शेपटाखालचा जॅक

हा करण्याची सोपी युक्ती आहे. स्लॅबच्या सेंट्रिंगला जे लोखंडी टेकू लावतात ते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. जाड नळीत बारीक नळी, बारीक नळीला भोके, एक पिन, आणि जाड नळीच्या तोंडावर आटे पाडून त्यावर फिरणारा मोठा नट. पिन नटावर टेकते, नट फिरवला की बारीक नळी वर सरकते. आपला जॅक म्हणजे हाच टेकू, फक्त बुटका. सेंट्रिंगवाल्याकडून दोन जुने पण न वाकलेले टेकू घ्यावेत आणि वेल्डरकडून पुढीलप्रमाणे करून घ्यावेत :

१) आट्यांचे तोंड कायम ठेवून जाड नळी १८ इंच राहील अशी कापावी.
२) तिच्या बुडाला ८ इंच चौरस आणि ८ मिलिमीटर जाड पत्र्याची बैठक वेल्ड करावी. चारही बाजूंनी तिकोनी पट्ट्या द्याव्यात.
३) बारीक नळी २४ इंच राहील अशी कापावी. वरच्या टोकाला ट्रॉलीच्या चासीचा आडवा चॅनेल बसेल असा इंग्रजी 'यू'च्या आकाराचा खोबणा वेल्ड करावा. नुसता सपाट पत्रा नको, तो सरकतो.
४) बारीक नळी जाड नळीत नेहमी किमान ९ इंच आत राहिली पाहिजे. म्हणून तेवढ्या खुणेवर लाल रंगाचा पट्टा ओढावा. लाल दिसला की थांबायचे.
५) पिन मूळचीच वापरावी आणि साखळीने बांधून ठेवावी. सळीचा तुकडा किंवा पान्याची दांडी पिनेच्या जागी घालू नये.

या मापाचा पाय २४ पासून ३३ इंचांपर्यंत उंच होतो. आधी आपल्या ट्रॉलीच्या चासीखालची उंची मोजावी आणि तिला जुळेल अशी कापाकापी करावी. असे दोन पाय करावेत, शेपटाच्या दोन्ही कोपऱ्यांखाली एकेक.

मऊ रानात बैठकीखाली फळी लागते, तिचाही हिशेब बघा. एका पायावर २०० किलो आले आणि बैठक ८ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर चौरस असली, तर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब पडतो. भिजलेल्या काळ्या रानात एवढ्यानेही बैठक रुतू शकते. खाली दीड फूट चौरस जाड फळी ठेवली की तोच दाब एक-दशांश किलोवर येतो. फळी फुकट आहे, ती विसरू नका.

आता कुणी विचारील, स्क्रूवर एवढे वजन टाकले तर तो आपोआप फिरून खाली येणार नाही का? नाही येत. स्क्रूच्या साध्या जॅकचे उदाहरण घेऊ. दांडा ४० सेंटिमीटरचा आणि एका फेऱ्यात वर जाणे ६ मिलिमीटर. हात एका फेऱ्यात सुमारे २५१ सेंटिमीटर फिरतो आणि ओझे फक्त ६ मिलिमीटर चढते. म्हणजे कागदावर जोर चारशे पटींहून जास्त. यातला तीन चतुर्थांश घर्षणात जातो असे धरले तरी शंभर पट उरतो. ४०० किलोंना चार किलोंचा हात पुरतो. आणि जे घर्षण आपला जोर खाते, तेच घर्षण ओझ्याला खाली येऊ देत नाही. तेलाच्या जॅकमध्ये हे काम रबराची सील आणि लहानशी झडप करते. सील झिजली की जॅक हळूहळू बसतो, कधी एकदम बसतो. म्हणून धरून ठेवायला तेलाचा जॅक कधीच चालत नाही.

तरीही ध्यानात ठेवा, आपल्या पायाने ट्रॉली उचलायची नाही. नट फिरवून पाय चासीला खालून घट्ट भिडवायचा, एवढेच. ओझे आल्यावर तो धरील.

वापरण्याची रीत

१) सपाट, कडक जागा निवडा. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली ठेवा. इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, चावी काढून खिशात.
२) ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी किंवा मोठे दगड.
३) फळ्या ठेवून दोन्ही पाय उभे करा. पाय ओळंब्यात हवा, तिरका नको. नट फिरवून भिडवा.
४) रॅम्प लावा. आकडे आणि साखळ्या अडकवा. यंत्राची चाके वर चढताना रॅम्पला मागे ढकलतात, म्हणून साखळीशिवाय रॅम्प सटकणारच.
५) यंत्र शक्यतो स्वतःच्या जोरावर चढवू नका. ट्रॉलीच्या पुढच्या चौकटीला चेन ब्लॉक किंवा हाताचे विंच बांधून यंत्र वर ओढून घ्या. सावकाश.
६) एक माणूस बाजूला उभा राहून लांब दांड्याची पाचर मागच्या चाकामागे सरकवत राहील. ओढणे थांबले की चाक पाचरीवर टेकले पाहिजे.
७) यंत्राच्या मागे, उताराच्या रेषेत, कुणीही उभे राहायचे नाही. पोरांना तर पार लांब ठेवा. सटकलेले यंत्र छातीने अडवायला जाऊ नका. यंत्र दुरुस्त होते.
८) वर गेल्यावर यंत्र आसाच्या थोडे पुढे घ्या, पाचरी मारा, साखळीने चारही बाजूंनी आवळा.
९) पिना काढून दोन्ही पाय उचलून घ्या, मगच ट्रॅक्टर सुरू करा.

उतरवताना हाच क्रम, आणि चेन ब्लॉक तसाच बांधलेला. उतरवताना अपघात जास्त होतात, कारण "आता काय, खालीच तर जायचंय" असे वाटते.

भरलेल्या ट्रॉलीचे पंक्चर

हंगामात उसाने भरलेली ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला पंक्चर होते. ड्रायव्हर खाली विटा किंवा दगड रचतो, त्यावर तेलाचा जॅक ठेवतो आणि टॉर्च तोंडात धरून आसाखाली शिरतो. हे चित्र नेहमीचे आहे, म्हणून आपल्याला त्याची भीती वाटेनाशी झाली आहे.

वर सांगितलेले दोन पाय इथे वापरू नयेत. ते ५०० किलोंसाठी आहेत, उसाच्या ट्रॉलीचे वजन टनांत असते. पण तत्त्व तेच. जॅक जाड लाकडी ओंडक्यावर ठेवा, विटांवर नाही. वीट भार आल्यावर इशारा न देता फुटते. चाक सुटेल इतकेच, बोटभर उचला. लगेच आसाखाली लाकडी ओंडक्यांचा चौक रचा, एक थर उभा, एक थर आडवा. मग जॅक किंचित उतरवून वजन त्या चौकावर टेकवा. चाक त्यानंतरच सोडवा. आणि काहीही झाले तरी अंग आसाखाली घालू नका. जमीन कडक नसेल तर ऊस उतरवून घ्या. दोन तास जातील, जाऊ द्या. रात्र असेल तर मागे वीस-पंचवीस पावलांवर दिवा किंवा चमकणारी पट्टी लावा. मागून येणाऱ्या गाडीला उसाची ट्रॉली दिसत नाही.

चार ओंडके प्रत्येक ट्रॉलीत कायम बांधलेले असावेत. तोडणी-वाहतुकीच्या मंडळींना हंगामाच्या आधीच हे समजावून द्यावे. ती लांबून पोटासाठी आलेली माणसे असतात. त्यांच्या जिवाची काळजी ही आपलीच जबाबदारी.

उजळणीसाठी तीन प्रश्न

घरातल्या शाळकरी मुलामुलींना हे जरूर विचारा.

१) ट्रॉलीचा तळ अडीच फूट उंच आहे, रॅम्प १० फुटी आहे, ओझे ५०० किलो आहे. घर्षण सोडून जोर किती? (उत्तर : १२५ किलो.)
२) हुकापासून आस ९ फूट, आसापासून शेपूट ३ फूट. शेपटावर ३०० किलो आले तर हूक किती जोराने वर उचलला जाईल? (उत्तर : १०० किलो.)
३) तेलाच्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली किती वेळ बसता येते? (उत्तर : एक क्षणही नाही.)

लोखंड वजनावर मिळते, वेल्डर गावात आहे, जुने टेकू सेंट्रिंगवाल्याकडे पडून आहेत. चार-पाच सभासदांनी मिळून एक रॅम्प आणि पायांची एक जोडी केली तरी पाळीपाळीने सगळ्यांचे काम भागते. सहकार म्हणजे तरी दुसरे काय? हंगाम सुरू होण्याआधी, हाताशी वेळ आहे तोवर, हे काम उरकून घ्यावे. रॅम्प झाल्यावर पहिल्यांदा त्यावर यंत्र नव्हे, तर मोजून भरलेली पोती ठेवून पाहावी : आधी २०० किलो, मग ४०० किलो. कणा वाकला, वेल्ड तडकला की काम परत वेल्डरकडे. टिकला तर पुष्कळ वर्षे टिकेल.